तंबू हवेत, स्पीकर नकोत

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन राधानगरी परिसरात पाण्याकाठी तंबूत मुक्काम केला. गरम भाकरी, झुणका, वर घरून नेलेला खर्डा; जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. पण आठला शेजारच्या कंपूनं स्पीकर लावला, तो बारा वाजले तरी थांबेना. तंबू चालवणाऱ्याला सांगितलं, तर म्हणतो, "गिऱ्हाईक हाय, काय बोलायचं?" धाकटीला गवा बघायचा होता. असल्या दणदणाटात गवा कशाला फिरकतोय! सकाळी काठावर थर्माकोलची ताटं तरंगत होती, एका ताटात रश्श्याचा लाल तवंग तसाच. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे म्हणे!

याच राधानगरी अभयारण्यातलं दाजीपूरचं जंगल १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं आहे. अभयारण्याचं नाव २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही गेलं. तंबू बंद करा, असं माझं म्हणणं नाही. गावातल्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात. फक्त अंधार पडल्यावर स्पीकर बंद, आणि येताना अनामत रक्कम घ्यावी. कचरा परत नेला तरच ती परत द्यावी.

— एक वाचक, कोल्हापूर