संवत १९४८ म्हणजे इसवी सन १९४८ नव्हे

महोदय,

जुन्या नाण्यांच्या बातम्यांत आणि जाहिरातींत हल्ली ‘पॅटर्न’ (टांकसाळीचा चाचणी नमुना) हा शब्द फार स्वस्त झाला आहे. वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतून सयाजीराव महाराजांचा छबीचा रुपया निघतो. त्यावर संवत १९४८ असते. विकणारा ते इसवी सन धरतो. बडोदा संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, म्हणजे हा चलनात न आलेला शेवटचा नमुना, असा हिशेब जमतो आणि आकडा थेट लाखांत जातो. प्रत्यक्षात गुजराती संवत १९४८ म्हणजे १८९१-९२. तो रुपया यंत्रावर पाडला गेला आणि बाजारात चालला. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या पाव आण्यावरचे १९७० वाचतानाही हाच घोळ होतो.

खूर आणि तलवार असलेला बडोद्याचा तांब्याचा पैसाही ‘पॅटर्न’ म्हणून दाखवतात. तोही चलनातलाच. त्यावर ‘सेना खासखेल समशेर बहादूर’ हे गायकवाडांचे किताब आहेत. १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर शाहू छत्रपतींनी दमाजी गायकवाडांना समशेर बहादूर केले. नाण्यावरची तलवार त्या किताबाशी जुळते.

पॅटर्न म्हणजे आराखडा मंजूर होण्याआधी टांकसाळीने पाहणीसाठी पाडलेले मोजके नग. स्वातंत्र्यानंतर राजाची छबी काढून अशोकस्तंभाचे सिंह आणायचे ठरले, तेव्हा १९४९ साल घातलेले नमुने पाडले गेले; नवी नाणी आली १५ ऑगस्ट १९५० ला. हे खरे पॅटर्न. १९११ चा ‘डुकराचा रुपया’ मात्र पॅटर्न नव्हे. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. दुर्मीळ आहे, पण चलनातले नाणे आहे. आणखी एक पेच: टांकसाळी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुन्हा नाणी पाडून देत असत. ती अस्सल टांकसाळीचीच, पण पुनर्मुद्रित, भाव निराळा. म्हणून कोणी पॅटर्न म्हटले की आधी विचारावे, याआधी कोणाच्या संग्रहात होते, कोणत्या लिलावाच्या यादीत छापले आहे?

घरच्या घरी एवढे तपासता येते. व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतचा इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. वाढलेला आकडा १.१३ च्या आसपास यायला हवा. १.३ आला तर तांबे-निकेल किंवा तसलेच काही. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो आणि अस्सल नाणे खोटे ठरते, म्हणून आधी ते पाण्यात हलवून घ्यावे. झिजलेल्या नाण्याला कोरडे वजन भागिले हा आकडा करा, उत्तर १०.३ च्या जवळ यावे. बडोदा संस्थानाच्या जुन्या बाबाशाही रुपयाचा तोल वेगळा, त्याला ११.६६ लावू नये. १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटलाच पाहिजे.

मग दहापट भिंग. मोकळ्या जागेत बारीक खड्डे, कडेला फिरणारी शिवण, बोथट अक्षरे: हे ओतीव नाणे. १९३९ चा रुपया महाग असल्याने दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा कोरून ९ करतात. आकड्याभोवतीच ओरखडे असतील आणि बाकी नाणे स्वच्छ असेल तर व्यवहार थांबवावा.

चिंच, राख, टूथपेस्ट लावून ‘चांदी उजळण्या’चा मोह टाळावा, त्या चकाकीने किंमत वाढत नाही, उतरते. तेलकटपणा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता, वाळू द्यावे. खोली हवेशीर असावी, जवळपास ज्योत नको. मऊ पीव्हीसी पाकिटात वर्षानुवर्षे ठेवले तर नाण्यावर हिरवट चिकटा धरतो.

परदेशातले गिऱ्हाईक जास्त देते म्हणून टपालाने पाठवायला निघालेल्यांनीही थांबावे. शंभर वर्षांवरील नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कोणीही ती देशाबाहेर पाठवणे गुन्हा आहे. आपल्या वर्तमानपत्राने अशा नाण्यांची बातमी देताना निदान दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो, वजन आणि संवत की सन, एवढे छापावे ही विनंती.

– एक नाणेसंग्राहक, दांडिया बाजार, वडोदरा