बंद स्कूटरला पहिली किक सर्वांत शेवटी

महोदय,

वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी स्कूटर चालू करण्याचा सल्ला बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो: नवी बॅटरी, नवा प्लग, टाकीत ताजे पेट्रोल आणि मग सेल्फ. वाहनांविषयीच्या सदरांतही हेच फिरून फिरून येते. यातली एकही वस्तू चुकीची नाही, क्रम मात्र पुरता उलटा आहे. उभी राहून गाडी जेवढी बिघडते, त्याहून जास्त ती चालू करण्याच्या पहिल्या अर्ध्या तासात बिघडवली जाते. म्हणून थोडे सविस्तर.

गाडी उभी राहिली की सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल हळूहळू खाली उतरते. दमट हवेत बिडाच्या सिलिंडरवर गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा जागच्या जागी चिकटतात. अशा वेळी जोरात किक किंवा सेल्फ मारला की रिंगा तो गंज ओढत नेतात, भिंतीवर उभे ओरखडे पडतात आणि पुढे गाडी चालू झाली तरी ऑइल पीत राहते. यासाठी आधी प्लग काढावा. काढण्यापूर्वी त्याच्या भोवतीची माती ब्रशने साफ करावी, नाहीतर ती थेट आत पडते. प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिलिलिटर, इंजिन ऑइल सोडून रात्रभर तसेच ठेवावे. जास्त ओतू नये. ऑइल हवेसारखे दाबले जात नाही, आणि प्लग लावून किक मारल्यावर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

दुसऱ्या दिवशी प्लग न लावता, भोकावर फडके ठेवून, किक हाताने सावकाश दाबावी. ती हललीच नाही तर ‘इंजिन जाम’ असा निकाल लगेच देऊ नये. किकचे गिअरसुद्धा गंजून अडकतात. पंख्याचे कव्हर काढून मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चाकाच्या, मधल्या नटाला पाना लावावा आणि इंजिन फिरते त्याच दिशेने हलका जोर द्यावा. फिरले तर दोष किकमध्ये आहे. नाही फिरले तर पुन्हा थोडे ऑइल आणि आणखी एक-दोन दिवस वाट. पान्याला पाइप अडकवून जोर करणाऱ्याने सरळ हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवावे, ते स्वस्तात पडते.

याच मुक्कामात इंजिन ऑइल काढून टाकावे. काढलेले ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. पेट्रोलचा वास आला आणि पातळीही वाढलेली असली तर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल खाली उतरले आहे. दोन्ही प्रकारांत तेच ऑइल आत ठेवून इंजिन फिरवले की बेअरिंगचे काम संपते.

आता पेट्रोल, आणि निम्म्याहून अधिक दुखणी इथेच असतात. जुन्या पेट्रोलमधला लवकर पेट घेणारा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल शोषते. ओल फार झाली की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, नेमके जिथून नळी निघते तिथे. म्हणून जुन्यात नवे मिसळून ‘पातळ’ करण्याचा उपाय निरुपयोगी आहे. टाकी पूर्ण रिकामी करावी, टॉर्चने आत पाहावे आणि गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर टाकी उतरवून साफ करावी. नुसता फिल्टर बदलून भागत नाही. नवा फिल्टर थोड्याच दिवसांत तांबडा होतो. पेट्रोलची रबरी नळी वाकवून पाहिल्यावर भेगा दिसल्या तर बदलावी. गरम सायलेन्सरजवळ ठिबकणारी नळी गाडी पेटवते.

कार्बोरेटर न उघडता बाहेरून फवारे मारणे म्हणजे वेळ घालवणे. फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी, काढल्यावर पिवळट-हिरवा थर दिसतो. खरा अडथळा असतो स्लो जेटमध्ये, म्हणजे रेस न देता गाडी चालू ठेवण्यापुरते पेट्रोल देणाऱ्या तोटीत, जिचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. जेट पितळी असतो, त्यात स्टीलची तार घातली की भोक मोठे होते आणि मग गाडी कधीच नीट स्लोला उभी राहत नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेचा झोत द्यावा. फार तर वायरीतला तांब्याचा एक धागा किंवा नायलॉनचा केस वापरावा. जेट उजेडाकडे धरल्यावर भोक गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. एअर स्क्रू काढण्याआधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवावे आणि तेवढेच फेरे परत सोडावेत. क्लीनर लावण्यापूर्वी रबरी डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, बाहेर काढावा, कारण त्या रसायनाने रबर फुगते. डायफ्रामला सुईएवढे भोक असले तरी गाडी स्लोला छान चालते आणि रेस दिली की दम टाकते.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. अनेक स्कूटरमध्ये पेट्रोलचा कॉक इंजिनच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने उघडतो. साफ करून बसवलेल्या कार्बोरेटरची वाटी कोरडी असते आणि इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल येत नाही. किक मारून पाय दुखवण्यापेक्षा कॉकची व्हॅक्यूम नळी काढून तिला इंजेक्शनच्या सिरिंजने ओढ द्यावी, वाटी भरते. ओढ टिकत नसेल तर कॉकचा डायफ्राम फाटला आहे. फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल त्याच नळीने थेट इंजिनात जाते, प्लग सारखा ओला होतो आणि दोष उगाच कार्बोरेटरवर येतो. कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपाची दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि बॅटरी, मग पंप.

बॅटरीबद्दल थोडक्यात. काही तास स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर रिकामी. चार्जिंगनंतरही १०.५ च्या पुढे जात नसेल तर बहुधा एक सेल मेला आहे. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा ठेवावा: ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.४ अँपिअर. सेल्फ नुसता मुका असेल तर नवी बॅटरी आणण्याआधी ब्रेकचा स्विच पाहावा. बहुतेक गिअरलेस स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फला वीज जात नाही, आणि धुळीने हा स्विच अडकतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि गंजलेली अर्थिंग हेही नेहमीचे गुन्हेगार. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचे घरटे सापडणेही मुळीच दुर्मीळ नाही.

प्लगला करंट येतो का हे तपासताना प्लग इंजिनच्या धातूला टेकवून धरावा, पण प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब. ठिणगी निळी आणि कडक हवी. गॅप बऱ्याच गाड्यांत ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहावा.

चालू करताना गाडी मेन स्टँडवर आणि मागचे चाक अधांतरी हवे, समोर कोणी उभे नको. उभ्या गाडीत क्लचचे शू गंजून बेलला, म्हणजे त्यांच्याभोवतीच्या लोखंडी वाटीला, चिकटलेले असू शकतात. मग इंजिन पेटताच चाक फिरू लागते आणि साइड स्टँडवरची गाडी पुढे झेप घेते. सुरुवातीचा पांढरा-निळा धूर आपणच ओतलेल्या ऑइलचा असतो, तो काही मिनिटांत ओसरतो. रेस न देता पाच-दहा मिनिटे चालू द्यावी. चोक काढताच बंद पडली तर स्लो जेट पुन्हा उघडावा. काही मिनिटे चालून मरते आणि टाकीचे झाकण उघडल्यावर पुन्हा चालते, असे झाले तर झाकणातले हवेचे भोक बुजले आहे. बॅटरीवर रेस देऊन साधारण १४ व्होल्ट दिसावेत. १५ च्या वर गेले तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेला.

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचे प्रकरण थोडे वेगळे. पेट्रोलमध्ये २ टक्के ऑइल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण क्रँकचे रबरी ऑइल सील उभ्या उभ्या कडक होतात, याकडे लक्ष जात नाही. मॅग्नेटोकडचा सील गळला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, रेस आपोआप चढते आणि पिस्टन तापून धरतो. गिअरबॉक्सकडचा गळला तर धूर थांबतच नाही. रेस चढतेय म्हणून स्लोचा स्क्रू सैल करत बसणे धोक्याचे आहे.

आणि इंजिन सुरळीत वाजू लागले की लगेच रस्त्यावर नेण्याचा मोह होतो. त्याआधी दोन्ही चाके उघडावीत. ड्रमला चिकटलेले लायनर आणि गंजलेला ब्रेक कॅम वंगण मागतात, पण ग्रीस कॅमच्या दांड्यालाच, नखभर, लायनरला अजिबात नाही. आतली भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. टायरवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला बारीक भेगा पडलेला टायर टाकाऊच समजावा. मागचे चाक फिरवणाऱ्या बेल्टवर आडव्या चिरा असतील तर तोही.

बंद स्कूटर विकत घेणाऱ्यांसाठी एवढेच: ‘फक्त बॅटरी गेली आहे’ हे ऐकून पैसे मोजण्याआधी विक्रेत्यासमोर किक हाताने दाबून पाहावी, फूटबोर्डखाली आणि मेन स्टँडच्या जोडापाशी पत्रा टोचून पाहावा, आणि चॅसिसवरचा नंबर कागदांशी ताडावा. पुरात बुडालेली गाडी असेल तर हेडलाइट आणि मीटरच्या काचेआड चिखलाची रेघ राहिलेली असते. अशी गाडी सुट्या भागांसाठीच घ्यावी.

– दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक