पारोळ्याच्या वायरमन दादांना, चावीतल्या त्या खड्याबद्दल

दादा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, नंबर पण घेतला नाही, म्हणून इथं टाकतोय, कुणी पारोळ्याकडचं वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचवेल. मे महिन्यात धुळ्याहून जळगावला लग्नाला निघालेलो, पारोळ्याच्या अलीकडे हायवेवर चहाला थांबलो ते थांबलोच, गाडी परत सुरूच होईना. सोबत आई होती आणि तुमच्यावर खेकसला तो मीच.

सेल्फ मस्त फिरायचा, इंजिन सेकंदभर पकडायचं की बंद. टपरीवर चौघांची चार मतं, कोण म्हणे बॅटरी, कोण म्हणे पेट्रोलमध्ये पाणी, त्या उन्हात दोनदा धक्का पण मारून झाला. ओळखीच्या मेकॅनिकने तर फोनवरच, गाडी न बघता, सांगून टाकलं ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला, 35 हजार धर आणि टो करून आण. तेवढ्यात तुम्ही आलात, खांद्यावर ट्रॅक्टरच्या वायरींचं भेंडोळं, आणि मी म्हटलं कशाला हात लावू नका.

तुम्ही काही बोललात नाही, वाकून मीटरकडं बघितलं फक्त. "भाऊ, सेल्फ फिरी राहिना ना, मंग बॅटरीले काबर शिव्या देतस? तो लाल दिवा देख." म्हणजे सेल्फ फिरतोय ना, मग बॅटरीला का शिव्या देतोस. गाडी आणि कुलूप असं चित्र असलेला दिवा भराभर लुकलुकत होता. सहा वर्षं तीच गाडी चालवतोय, तो दिवा कशाचा ते मला ठाऊक नव्हतं!

मग तुम्ही चावी मागितली. कव्हर आठ दिवसांपूर्वी बाजारात दीडशे रुपयात बदललेलं, एका कडेला फट होती. नखानं उघडलंत, आत रिमोटचा सेल होता, बटणाची पट्टी होती आणि बाजूचा छोटा खड्डा रिकामा. दुसरी चावी? घरी कपाटात, अर्थात. तेवढ्यात आईने बटवा उघडला, मी तोंड धुवायला जाताना चावी तिच्याकडंच दिली होती, आणि बडीशेपेतून एक काळा बारीक तुकडा काढून म्हणाली, "हा खडा का रे? फेकणारच होते."

त्या रिकाम्या खड्ड्यातली चिप तीच, चावी खरी आहे हे गाडीला सांगणारी, आणि तो लाल दिवा ती सापडत नाही म्हणून लुकलुकत होता. तिला स्वतःचा सेल नसतो, लॉकभोवतीच्या रिंगमधून तिला करंट मिळतो आणि ती आपला नंबर सांगते, नंबर जुळला नाही की ईसीएम इंजिन चालूच ठेवत नाही, हे तुम्ही चिप बसवून काळी टेप गुंडाळता गुंडाळता सांगितलंत. अर्ध्या सेल्फला गाडी सुरू. शंभर रुपये मागितलेत तेव्हा मी मनात 35 हजारातून शंभर वजा करत होतो.

दोन चिपच्या चाव्या एकाच रिंगमध्ये ठेवू नका, गोंधळ होतो, हे पण तुम्हीच सांगितलेलं, म्हणून दुसरी चावी आता आईच्या बटव्यात असते, बडीशेपेपासून लांबच्या कप्प्यात. आणि खेकसलो त्याबद्दल सॉरी दादा, पुढच्या वेळी त्या टपरीवर चहा माझ्याकडून.