मेटल डिटेक्टरची कमान नुसती उभी करून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की मांडवाच्या तोंडाशी मेटल डिटेक्टरच्या कमानी उभ्या राहतात आणि मग दरवर्षी तेच, कमान वाजतेय, लोक जातायत, स्वयंसेवक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. त्याला तरी काय बोलणार, कमान सगळ्यांनाच वाजतेय. मी हीच मशीनं रिपेअर करतो, म्हणून लिहावंसं वाटलं, कारण यातलं निम्मं दुखणं मशीनचं नसतंच.

कमानीच्या पॅनलमध्ये कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी असतात. त्या चुंबकीय क्षेत्र सोडतात आणि त्यात धातू आला की पडणारा फरक पकडतात, एवढाच खेळ. आता कमान खडबडीत रस्त्यावर डुगडुगत ठेवली, शेजारी वाऱ्याने हलणारा पत्रा, मागे जनरेटर, आणि दोन कमानी एकमेकींना चिकटून, तर ती वाजणारच ना. मग कोणीतरी वैतागून सेन्सिटिव्हिटी खाली आणतो, वाजणं थांबतं, दिवा चालूच असतो आणि सगळे खुश. खरा धोका इथे आहे, कारण वाजणारी कमान निदान दिसते तरी, गप्प बसलेली चांगली आहे की मेलेली ते कसं कळणार?

त्यासाठी महागडं काही लागत नाही. लाईट फिटिंगचा पीव्हीसी पाइप घ्या, टोकाला जाडसर लोखंडी बोल्ट टेपने घट्ट गुंडाळा, दुसऱ्या पाइपला पितळेचा तुकडा. झाली टेस्टिंगची काठी. पोछ्याचा दांडा मात्र घेऊ नका, वरून प्लास्टिक दिसलं तरी आत बऱ्याचदा पत्र्याची नळी असते. रोज दर्शन सुरू व्हायच्या आधी एकाने बेल्ट, घड्याळ, किल्ल्या, मोबाइल सगळं काढून ही काठी पायाशी, कमरेशी आणि छातीशी धरून कमानीतून जायचं. तुकडा दर वेळी तोच हवा, आणि सेटिंगचा आकडा कमानीवरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवायचा, म्हणजे रात्री कोणी हात मारला तर सकाळी कळतं. पाच मिनिटांचं काम आहे. कमानीखाली सपाट फळी आणि कुठे डुगडुगत असेल तर रबराचा तुकडा, एवढं केलं तरी फुकटचं वाजणं बरंच कमी होतं.

आमच्या दुकानात बघाल तर निम्मी हत्यारं घरगुतीच. प्रीसेट, म्हणजे आतला सेटिंग लावायचा छोटा स्क्रू, फिरवायला जुन्या टूथब्रशचा दांडा फरशीवर घासून पात्यासारखा केलेला, कारण कॉइलच्या जवळ लोखंडी स्क्रू ड्रायव्हर नेला की सेटिंग लागल्यासारखं वाटतं आणि हात काढला की गेलं. हातात धरायच्या डिटेक्टरची नऊ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप तुटली तर मेलेल्या बॅटरीची वरची टोपी काढून तिला वायरी डाखायच्या, फक्त लक्षात ठेवा, इथे प्लस मायनस उलटं होतं, टोपीवर जिथे प्लस लिहिलंय तिथे मायनसची वायर. काळे पडलेले कॉन्टॅक्ट खोडरबराने साफ होतात. पावसाळ्यात पॅनलमध्ये दमट होतं, तर बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकून ठेवतो.

शिकाऊ पोरांसाठी पल्स इंडक्शनची (कॉइलमध्ये विजेचे झटके सोडून धातू पकडणाऱ्या डिटेक्टरची) कॉइल करायचा साचाही असाच. प्लायवुडवर 26 सेंमी व्यासाचं वर्तुळ काढायचं, त्यावर खिळे मारायचे आणि प्रत्येक खिळ्यावर रिकाम्या रिफिलचा तुकडा चढवायचा, नाहीतर तांब्याच्या तारेवरचा इनॅमलचा लेप खरवडतो आणि आतल्या आत शॉर्ट. साधारण 24 वेढे घातले की चारशे मायक्रोहेन्रीच्या आसपास इंडक्टन्स (कॉइलचं माप) येतो. दोऱ्याने बांधायचं, खिळे आत वाकवून कॉइल काढायची, वरून फॉइलचं शील्ड गुंडाळायचं पण पूर्ण गोल जोडायचं नाही, थोडी फट ठेवायची. गोल जोडलं तर ते शील्ड स्वतःच शॉर्ट झालेला एक वेढा होऊन बसतं आणि मशीन आंधळं.

कॉइल तपासायला टेबल लाकडीच हवं, तेही खिळे नसलेल्या जागी, नाहीतर जवळचा धातूच पकडला जातो. ही अडचण आजची नाही, 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यंत्र घेऊन गेले, तेव्हाही गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ केला असं सांगतात. बेलसाहेबांचं तसं झालं तर पत्र्याला टेकवलेल्या आपल्या कमानीचं काय!

(एक सांगायचं राहिलं, दुकानात गुप्तधन शोधायचं मशीन आहे का विचारणारेही येतात. त्यांना मी 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो, दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मग चहा न पिताच जातात.)

वॉरंटीतलं मशीन उघडू नका, आणि मेनवर चालणारं पॅनल शिकलेल्या माणसानेच उघडावं. पण काठी फिरवायला कोणाची परवानगी लागत नाही. उत्सवाआधी पोलीस ठाण्यात मंडळांची बैठक होते, त्यात डीजेच्या आवाजावर तासभर बोलणं होतं. तिथेच पाच मिनिटं काढून ही काठी दाखवावी, आणि बंदोबस्ताच्या पोलिसाने मांडवात आल्यावर कमान आहे का एवढंच न विचारता आजची टेस्ट कोणी केली ते विचारावं. भाड्याने कमान घेणाऱ्यांनीही पैसे देण्याआधी मालकाला आपल्यासमोर काठी फिरवायला लावा, बंद कमानी त्या वेळीच परत जातील.

आपला,
एक रिपेअरवाला वाचक, सांगली