खाडीच्या पाण्याचा तो अहवाल रद्द करा : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

पावसाळ्याआधी तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या बैठकीत आपल्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी आम्हा खाडीकाठच्या लोकांना शब्द दिला होता. फ्लोरिनयुक्त रसायने, म्हणजे ज्यांना पीफास म्हणतात, त्यांची तपासणी जागतिक दर्जाच्या पद्धतीने करू आणि अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवू, असा. बायाबापड्या त्या दिवशी मासळीचा धंदा सोडून आल्या होत्या. अहवाल कुणी वाचून दाखवला नाही. तो माहितीच्या अधिकारात अर्ज करून, अपील करून मिळवावा लागला. दोन पानी कागद. सामू, सीओडी आणि बीओडी या पाण्यातली घाण मोजायच्या नेहमीच्या चाचण्या, विरघळलेले क्षार, आणि तळाशी एक ओळ : 'पीफास – आढळले नाही'. गेल्या आठवड्यात तीच ओळ दाखवून आमचे पुढचे निवेदन निकाली काढण्यात आले. 'तुमचे पाणी स्वच्छ आहे, आता विषय संपवा,' असे आम्हाला सांगितले गेले.

विषय संपलेला नाही. मी दाभोळ खाडीकाठच्या भोई घरातली. रसायनशास्त्र शिकले आणि मुंबईत औषधांच्या प्रयोगशाळेत विश्लेषक म्हणून नोकरी केली. कागदावरची 'आढळले नाही' ही ओळ कशी तयार होते ते मला ठाऊक आहे. म्हणून या ओळीबद्दलच लिहिते.

'आढळले नाही' हे शब्द एकटे असले तर त्यांना काही अर्थ नसतो. किती सूक्ष्म मोजता येत होते आणि त्याखाली आढळले नाही, हे सोबत लिहावे लागते. अहवालाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ते लिहिलेले आहे : मोजणीची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम. म्हणजे १००० नॅनोग्रॅम. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफास रसायनांची मर्यादा ठरवली ती लिटरला प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम. युरोपने वीस पीफासची बेरीज १०० नॅनोग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे. आमच्या पाण्यात ९९९ नॅनोग्रॅम असते तरी तुमच्या कागदावर 'आढळले नाही' असेच आले असते. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर नथ ठेवायची, काटा हलला नाही की नथीला वजनच नाही म्हणायचे, असा हा प्रकार आहे. आणि त्या काट्याच्या भरवशावर आमच्या पोरांनी पाणी प्यायचे?

शिवाय 'पीफास' म्हणजे नेमके कोणते? ही हजारो रसायने आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तिथल्या संरक्षण खात्याबरोबर तयार केलेली १६३३ क्रमांकाची पद्धत जानेवारी २०२४ मध्ये पक्की झाली, तिच्यात चाळीस रसायनांची नावे एकेक करून दिलेली आहेत. ती पद्धत सांडपाण्याला, नदीच्या पाण्याला, भूजलाला, गाळाला, मातीला आणि माशाच्या मांसालासुद्धा लागू आहे. तिथे लष्करी तळांवरच्या आग विझवायच्या फेसाने विहिरी बिघडल्या, तेव्हा लष्करानेच प्रयोगशाळांसाठी दर्जाची नियमावली लावली, आणि त्या नियमावलीप्रमाणे मान्यता नसलेल्या प्रयोगशाळेचा आकडा ते स्वीकारत नाहीत. आमच्या अहवालावर पद्धतीचा क्रमांकच नाही. एका ओळीत हजारो रसायने निकालात निघाली.

नमुना घेतला त्या दिवशी मी धक्क्यावर उभी होते. उधाणाची भरती होती. समुद्राचे पाणी पार आत चढलेले, वरून पाऊस, त्यात वाशिष्ठी नदीला कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेले पाणी. ओहोटीला या, नाल्याच्या तोंडाशी या, असे आमचे लोक ओरडून सांगत होते. साहेबांना परत जायची घाई होती. नमुना घेणाऱ्या मुलाच्या अंगावर रेनकोट, बाटली बाजारातल्या पाण्याची रिकामी झालेली, पाणी आधी बादलीत काढले आणि मग बाटलीत ओतले. बर्फाची पेटी नव्हती. बाटली जीपच्या मागच्या सीटवर पडली.

पीफास नॅनोग्रॅममध्ये मोजायचे तर यातली प्रत्येक गोष्ट चूक आहे. पाणी न धरणाऱ्या कपड्यांवर हीच रसायने असू शकतात, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणातून ती नमुन्यात उतरू शकतात, काही रसायने बाटलीच्या भिंतीला चिकटून राहतात. म्हणून बाटली ठरलेल्या प्लॅस्टिकचीच लागते आणि प्रयोगशाळेत त्या बाटलीतले सगळे पाणी घेऊन बाटलीसुद्धा विद्रावकाने खंगाळतात. नमुना थंड ठेवावा लागतो. प्रयोगशाळेतून आणलेले पीफासमुक्त पाणी नमुन्याच्या जागीच दुसऱ्या बाटलीत ओतून तेही तपासायचे असते. त्याला फील्ड ब्लँक म्हणतात. ते नसेल तर सापडलेले विष खाडीचे की रेनकोटचे हे कुणी सांगू शकत नाही. उद्या आकडा जास्त आला असता तर लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीच्या वकिलाने याच मुद्द्यावर तो फाडून टाकला असता. म्हणजे असा नमुना घेतला की निकाल कुठलाही लागो, हरायचे आम्हीच.

आणि प्रयोगशाळेच्या आत काय झाले? नमुन्यात सुरुवातीलाच वजनदार कार्बनची खूण असलेले तेच रेणू मोजून घालतात. शेवटी त्यातले किती हाती लागले यावरून वाटेत किती हरवले ते कळते. अहवालात त्याचा आकडा नाही. ब्लँकचा नाही. दुबार नमुन्याचा नाही. एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, चिन्ह मात्र ठसठशीत. मी त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेची यादी काढून पाहिली. सामू आहे, सीओडी आहे, क्लोराइड आहे. पीफास नाही! एनएबीएलची मान्यता प्रयोगशाळेच्या इमारतीला नसते, एकेका चाचणीला असते, हे आपल्या खात्यात कुणालाच माहीत नाही का? की माहीत असूनही त्या चिन्हाखाली ही ओळ छापली?

आम्ही इतके का घाबरलो ते तुम्हाला माहीत आहे. इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना होता. तिथल्या पाण्यातले पीफास २०१३ साली उघड झाले, साडेतीन लाखांच्या आसपास लोकांचे पाणी बिघडले, २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोर झाला, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जणांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच कारखान्याची यंत्रे आमच्या लोटे-परशुरामला आली, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले. सरकारने सांगितले नाही. ग्रामपंचायतीला कुणी विचारले नाही. मी आज कुणावर आरोप करत नाही. मी म्हणते, मोजा. सुरुवातीलाच नीट मोजून ठेवा, म्हणजे उद्या काय वाढले ते कळेल. तेवढेही करायचे नाही?

माझे वडील याच खाडीत पाग टाकायचे. बोय, खरबी, चिंबोऱ्या, ओहोटीला आईच्या टोपलीत शिंपल्यांतले मुळे आणि कालवे. आज पाण्याला फेस येतो, पावसाच्या पहिल्या झोडीत रातोरात रंग बदलतो, सकाळी मेलेले मासे कडेला लागतात. अधिकारी येतात ते दोन भरत्या होऊन गेल्यावर. पंचनामा होतो, नमुना 'मर्यादेत' येतो. भाऊ जाळी विकून मुंबईला वॉचमन झाला. आई चिपळूणच्या बाजारात बसते तर गिऱ्हाईक आधी विचारते, 'खाडीची नाही ना?' आणि ती बाई, जिने आयुष्यात गिऱ्हाइकाला खोटे सांगितले नाही, ती खाली बघते. वहिनी बाळंत होऊन घरी आहे. ही रसायने आईच्या दुधातून बाळात जातात हे तिने कुठेतरी वाचले आणि मला विचारले, 'वन्सं, पाजू का नको?' मी काय सांगू? पाज म्हटले, कारण दूध तोडणे त्याहून वाईट. पण विहिरीचे पाणी उकळ असे सांगता येत नाही, उकळून पीफास जात नाहीत. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. हे मला माहीत असून मी रोज त्याच विहिरीवर कळशी भरते.

भारतात हे जमत नाही असे कुणी सांगू नये. नाशिक-सांगलीची द्राक्षे युरोपला जायची तर कीटकनाशकांचे सूक्ष्म अंश मोजायला पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा आहे. बागेपासून कंटेनरपर्यंत नमुन्याचा माग ठेवला जातो, मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी असते. यंत्रे तीच लागतात, शिकलेली पोरे आपल्याकडे आहेत. युरोपातल्या माणसाच्या ताटासाठी जे जमते ते कोकणातल्या माणसाच्या ताटासाठी का जमत नाही, एवढेच सांगा.

पण मोजणार कशासाठी? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीफासला मर्यादाच नाही. घातक, टिकाऊ रसायनांवर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ सालीच आले. भारताने २०२० मध्ये त्या करारातल्या सात रसायनांवरची बंधने मान्य केली, त्यात ते नाही. मर्यादा नाही म्हणून मोजायचे नाही, मोजले नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून मर्यादेची गरज नाही. या चक्रात माणसे मरतात आणि फाइल मात्र पूर्ण असते. कारखान्याचा नमुना कारखान्याच्या पैशाने, कारखान्याने निवडलेल्या प्रयोगशाळेत. सरकारी नमुना सर्वांत कमी दराच्या निविदेला. जो कमी दर देतो तो ब्लँकचा खर्च कुठून करणार? २०११ साली पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने लोट्याबद्दल सगळे लिहून ठेवले होते. तेव्हाचा हिशेब असा की कारखान्यांत ११ हजारांना काम, आणि खाडीवरचे २० हजार मच्छिमार बेकार. त्या अहवालाचे काय केलेत? आमच्या लहानपणापासून प्रत्येक निवडणुकीत कोकणाचा कॅलिफोर्निया होतोय. त्या कॅलिफोर्नियाने २०१९ सालीच पाण्यात पीएफओए ५.१ आणि पीएफओएस ६.५ नॅनोग्रॅमच्या वर गेले की कळवायचे असे ठरवले. आम्हाला बाकी काही नको, एवढा कॅलिफोर्निया द्या.

मागणे फार नाही. तो अहवाल रद्द झाला असे लेखी द्या. नवे नमुने ओहोटीला, गावातली दोन माणसे उभी असताना घ्या. पाणी, गाळ, मासे-कालवे आणि गावच्या विहिरी, सगळ्यांचे. पीफासच्या चाचणीची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच ते पाठवा, पद्धतीचा क्रमांक, मोजणीची मर्यादा, ब्लँक आणि खूण केलेल्या रेणूंचे आकडे यांच्यासह पूर्ण अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. एका नमुन्यावर थांबू नका, पावसाआधी, पावसात आणि पावसानंतर घ्या. आणि निकाल येईपर्यंत विहिरीवर अवलंबून असलेल्या वाड्यांना टँकरने पाणी द्या.

पुढच्या ग्रामसभेत हा अहवाल फेटाळल्याचा ठराव मी मांडणार आहे. त्याची प्रत आपल्याला टपालाने येईल. उत्तर आपल्या सहीचे हवे.

आपली,
दाभोळ खाडीकाठची एक रहिवासी
ता. खेड, जि. रत्नागिरी