पावसाआधी छप्पर, दिवाळीनंतर चुना: आपल्या चर्चच्या जीर्णोद्धारासाठी आवाहन

प्रिय धर्मग्रामस्थहो,

येशूमध्ये सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात वेदीच्या डाव्या अंगाला बादल्या मांडून मिस्सा झाली, हे तुम्ही पाहिलंच आहे. यंदा बादल्यांनी भागणार नाही. डाव्या भिंतीवर टेकलेल्या वाशांपैकी काहींची टोकं कुजली आहेत. सुताराने तपासायला पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. म्हणूनच ईस्टरपासून त्या बाजूचे बाक दोरी लावून बंद ठेवले आहेत. दोरी ओलांडून जुन्याच जागेवर बसणाऱ्या ज्येष्ठांना हात जोडून विनंती, काही महिने उजवीकडे बसा.

सागवान एवढं कुजलं कसं, हे सांगायला हवं, कारण त्यात आमची चूक आहे. आपल्या चर्चच्या भिंती दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. पायातली ओल दगडातून वर चढते. समुद्र जवळ असल्यामुळे तिच्यासोबत खारही येतो. चुन्याचा गिलावा ती ओल पितो आणि उन्हाळ्यात हवेत सोडून देतो, म्हणून जुनी भिंत पावसात ओलसर लागली तरी मार्चपर्यंत कोरडी होत असे. काही वर्षांपूर्वी गिलावा जागोजागी सुटला, तेव्हा आपण तो खरवडून सिमेंट थापलं आणि वर चकचकीत ऑइल पेंट दिला. सगळ्यांना आवडलं. सणाच्या फोटोत भिंती कशा झळकत होत्या! पण सिमेंटने ओलीची वाट अडवली. ती आतच राहिली, भिंतीत वर वर चढत गेली आणि वाशांची टोकं भिंतीत जिथे बसतात तिथवर पोचली. आज जे पोपडे आणि पांढरी बुरशी दिसते, ती बुरशी नव्हे, खार आहे. रंगाचा आणखी एक हात मारून तो जाणार नाही. त्या वेळी निर्णय घेणारे आमच्यापैकीच होते, हेतू चांगला होता, आणि तरीही ते काम चुकलं.

असं फसणारे आपण एकटे नाही. गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला, आतला जांभा उघडा दिसावा म्हणून. तेव्हापासून तो दगड दर पावसात झिजतो आहे. तिथे गिलावा काढून बिघडलं, आपल्याकडे भलता थापून.

आता सगळ्यात नाजूक विषय. 'पाडून टाका, आरसीसीचं मोठं चर्च बांधा, एसी लावा' असं म्हणणारे धर्मग्रामात थोडे नाहीत. सणाच्या दिवशी अर्धी माणसं मांडवात उभी असतात, ही त्यांची तक्रार खरी आहे. पालकीय मंडळाच्या तीन बैठका याच वादात गेल्या. शेवटी दुरुस्तीच करायची असं ठरलं. जुन्या चुन्याच्या इमारतींची कामं केलेल्या वास्तुविशारदांनी पाहणी करून सांगितलं की भिंती भक्कम आहेत, आजारी आहे तो गिलावा आणि छप्पर. भक्कम भिंत पाडायला आमचं मन धजावलं नाही. मांडवाचा प्रश्न वेगळा, तो वेगळा सोडवू.

ज्यांना शंका वाटते त्यांनी एका संध्याकाळी वसईच्या किल्ल्यात फेरी मारून यावी. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आणि आतल्या चर्चांकडे बघणारं कुणी उरलं नाही. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, बहुतेकांच्या भिंती नि कमानी अजून उभ्या आहेत. गेलं ते छप्पर. छप्पर गेलं की पाऊस थेट भिंतीच्या माथ्यावर पडतो, सांध्यात पिंपळ रुजतो आणि मग मुळं दगड फोडत बसतात. घंटांचं म्हणाल तर मराठ्यांनी नेलेल्या त्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात नि वाईजवळच्या मेणवलीत आजही वाजतात. त्यांचं बरं चाललं आहे. किल्ल्याबाहेरची आपली चर्चं मात्र टिकली. नंदाखालचं 1573 चं, माणिकपूरचं 1606 चं. युरोपीय धर्मगुरू निघून गेल्यावर मूठभर देशी धर्मगुरू आणि शेतकरी, बागायतदार माणसं यांनी ती सांभाळली. 'चर्च' हा शब्द तोंडी नसलेली, 'देवळात' जाते म्हणणारी लाल लुगड्यातली आजी तुमच्या घरातही होती. दर उन्हाळ्यात शाकारणी व्हायची ती असल्या माणसांच्या हातांनी.

काम असं होईल. पावसाला जेमतेम महिना उरला आहे, त्यात कौलं उतरवून कुजलेले वासे बदलणं, पन्हळी नीट करणं आणि डाव्या बाजूला ताडपत्रीचं तात्पुरतं छत टाकणं एवढंच. पावसाळ्यात चर्चमागच्या मोकळ्या जागेत खड्डे काढून कळीचा चुना भिजत घालू. तो जितका मुरेल तितका चांगला, म्हणून त्याची खरेदी आत्ताच करावी लागते. दिवाळीनंतर सिमेंट खरवडायचं, भिंत उघडी ठेवून सुकू द्यायची आणि मग चुन्याचा गिलावा, गूळ-हिरड्याच्या पाण्यात कालवलेला, पातळ थरांनी. हे काम घाईने होत नाही. पहिला थर पुरता बसल्याशिवाय दुसरा देता येत नाही, त्यामुळे एक कोरडा हंगाम पुरेल असं आम्ही छातीठोक सांगत नाही. दोन धरून चाला.

अंदाजपत्रक बाबवार फलकावर लावलं आहे. वाचा आणि शंका आली तर विचारा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्च तिथेच लागेल.

मागणी एवढीच: कमावत्या प्रत्येकाने दोन वर्षं, दर महिन्याला आपल्या एका दिवसाची कमाई द्यावी. बँकेत असाल तर बँकेतली, पहाटेच्या गाडीने दादरला फुलं नेत असाल तर फुलांची. कुणाची एक दिवसाची कमाई किती, हे आम्ही विचारणार नाही. ज्या घरात कमावतं माणूस नाही, आजारपण आहे किंवा यंदा लग्न काढलंय, त्यांनी देणगीचं पाकीट रिकामं परत दिलं तरी चालेल. पाकिटावर नाव घालायची सक्ती नाही. देणगीदारांची नावं संगमरवरात कोरून भिंतीवर बसवणार नाही. त्या भिंतीला आधीच पुरेशी भोकं पाडून झाली आहेत. नावं वहीत राहतील.

आयकरात सवलत मिळेल का, असं अनेकांनी विचारलं. आपला ट्रस्ट धार्मिक असल्याने ती मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

परदेशातल्या मुलाबाळांसाठी एक सूचना. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, मग ते दुबईत असोत वा कुवेतमध्ये, त्यांनी बँकेमार्फत जरूर पाठवावं. पण ज्यांनी कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांचा पैसा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, कायद्याने परदेशी देणगी ठरतो. त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती आपल्याकडे नाही. इथल्या भावाच्या खात्यातून फिरवून तो पाठवू नका. अडचणीत येईल तो भाऊ आणि ट्रस्ट. त्यापेक्षा नाताळला याल तेव्हा चार दिवस हाताने काम करा.

पैशाइतकीच गरज आहे जुन्या सागवानाची. आळीआळीत जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहत आहेत. घर पाडणार असाल तर वासे, तुळया आणि मंगलोरी कौलं भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला कळवा, टेम्पो आम्ही आणू. नवं लाकूड मिळतं, पण पन्नास पावसाळे काढलेल्या सागवानाची सर त्याला नाही. कुणाकडे आजोबांच्या लग्नाचे, दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) जुने फोटो असतील तर तेही हवेत. फोटोत तुमच्या आजोबांच्या मागची भिंत आम्हाला बघायची आहे, सिमेंट लागण्याआधीची.

आणि घरात एखादे म्हातारे गवंडी असतील, चुना दळायची घाणी चाललेली पाहिलेले, तर त्यांना खुर्ची टाकून बसवायची सोय करू. त्यांनी काही उचलायचं नाही, फक्त चुकलं तिथे ओरडायचं.

कौलं उतरवायला येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सुरुवात. शिडीवर कामगारच चढतील, तरुणांनी खाली रांग करून कौलं हातोहात द्यायची आहेत. चुना विझवताना उकळतो, त्यामुळे त्या दिवशी लहान मुलांना आणू नये. तारीख फलकावर लागेल. दुपारचं जेवण महिला मंडळाकडे आहे. घमेलं आणि जुने हातमोजे घरून आणावेत, आपल्याकडे पुरेसे नाहीत.

आपले,
पालकीय मंडळ व जीर्णोद्धार समिती