न्यायाधीश ‘गव्हर्नराने नेमला’ असे लिहिण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न.

देवस्थानांच्या आणि गावांच्या स्मरणिकांतून ‘पोर्तुगीज गव्हर्नराने अमुक न्यायाधीश नेमला’ असे वाक्य सर्रास ठोकून दिलेले असते. जुन्या काळापुरते तरी ते खोटे आहे.

१५४४ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘रेलासांव’ या वरिष्ठ न्यायालयावर माणसे राजाच्या सनदेने येत. या नोकरीत शिरायला आधी पोर्तुगालच्या कोइंब्रा विद्यापीठाची कायद्याची पदवी, मग दोन वर्षांचा अनुभव, मग कुळाची चौकशी. वाडवडिलांत कोणी ज्यू वा मूर (मुसलमान) तर नव्हता ना, आजा हाताने राबणारा कारागीर तर नव्हता ना, हे साक्षीदारांना विचारत. शेवटी लिस्बनच्या मंडळापुढे परीक्षा. गोव्यात कायद्याचे शिक्षण देणारी संस्थाच नव्हती, तेव्हा इथल्या मुलाला पहिलीच पायरी समुद्रापार.

गोवा शहराच्या नगरसभेचे दोन न्यायाधीश मात्र निवडलेले असत. त्यांना पदवीची गरज नव्हती. पोर्तुगीज नगरसभांची रीत मोठी गमतीची. तीन वर्षांची नावे एकदम ठरवायची, चिठ्ठ्या मेणाच्या गोळ्यांत बंद करून तीन किल्ल्यांच्या पेटीत ठेवायच्या आणि दरवर्षी लहान मुलाकडून गोळी काढवायची. गावकऱ्यांना अर्थात यात वाव नव्हता.

खरा घोळ होतो तो तारखांचा. लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलमध्ये सुटून सप्टेंबरच्या सुमारास मांडवीत लागत. ऑक्टोबरात इथे एखादा न्यायाधीश वारला, तर ती बातमी डिसेंबर-जानेवारीच्या जहाजाने निघे आणि तिकडे पोहोचेपर्यंत त्या वर्षीची जहाजे केव्हाच सुटलेली असत. नवा माणूस पुढच्या मोसमात येणार, म्हणजे जागा जवळजवळ दोन वर्षे रिकामी. या काळात इथला व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर जी हंगामी सोय करी, तीच स्मरणिकाकार ‘नेमणूक’ म्हणून छापतात.

तेव्हा सनदेची आणि पदभार घेतल्याची अशा दोन्ही तारखा द्याव्यात. १८३७ पासूनच्या नेमणुकांसाठी ‘बोलेतीं’ हे सरकारी राजपत्र चाळावे. त्याआधीचा लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारात ‘मोंसोंइश’च्या (मोसमी जहाजांच्या टपालाच्या) बाडांत आहे. आणि १७७४ ते १७७८ या काळातला रेलासांवचा न्यायाधीश कुठे दिसला, तर लेखकाला जरूर जाब विचारावा. त्या चार वर्षांत ते न्यायालय बरखास्त होते.

आपला,
पुराभिलेखांचा एक अभ्यासक, फोंडा